राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

रुग्णाची पूर्वपीठिका कशी विचारावी हे वैद्यकीय महाविद्यालयात आम्हांला शिकवले गेले. त्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर मी गेल्या काही वर्षांत स्वतः घातली आहे. नोकरीच्या वयातील माणूस दीर्घ आजार घेऊन समोर आला, मग तो पक्षाघात असो, हृदयविकार असो वा मूत्रपिंडाचा विकार असो, की रक्तदाब, साखर, झोप, भूक यांच्याबरोबर मी विचारतो, “राजीनामा दिला आहे का?” रुग्ण गोंधळतो. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा मात्र गोंधळत नाही. कारण तो कागद बहुधा त्यांच्याच पिशवीत, एमआरआयच्या लखोट्याखाली असतो.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. उत्तर सोपे आहे. रुग्णालयातले उपचार दहा दिवसांचे असतात, त्यानंतरची शुश्रूषा मात्र वीस वर्षे चालू शकते. त्या वीस वर्षांच्या गोळ्या, व्यायामोपचार, तपासण्या आणि मदतनीस बाईंचा पगार कोठून यायचा, हे पुष्कळदा आजाराच्या पहिल्या महिन्यात सही केलेल्या एका कागदाने ठरून जाते. आपण स्वतः निवृत्त असाल, तर आपला मुलगा, सून, मुलगी, जावई यांपैकी कोणी तरी नोकरीत आहे, आणि बहुधा आपण त्यांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहात. म्हणजे त्यांचा राजीनामा हा आपल्याही प्रकृतीचा प्रश्न आहे.

माझा दवाखाना पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर एका वकिलांचे कार्यालय आहे. त्यांची वकिली ना फौजदारीची, ना जमिनीच्या वाटपाची. नोकरदाराला पगाराखेरीज जे जे देय असते, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन, विमा, शिल्लक रजेचे पैसे, त्याचा कायदा हे त्यांच्या व्यवसायाचे एक अंग. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे नेमणुकीचे करार, त्यांचा बोनस, कंपनीने देऊ केलेले शेअर, नोकरी सुटताना मिळणारी भरपाई, हे दुसरे अंग. त्यामुळे आमच्या जिन्यावर सकाळी फाउंड्रीतला कामगार भेटतो आणि संध्याकाळी गाडीचा चालक खाली थांबवून आलेला महाव्यवस्थापक. दोघांच्याही चेहऱ्यावरची काळजी एकाच जातीची असते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

वकिलांचे काम म्हणजे न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे, अशी आपली समजूत असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्नेह्यांचे बहुतेक काम वाचण्याचे आहे. योजनेचे नियम, नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, विमा पॉलिसीची बारीक अक्षरे. आणि ते तारखा विचारतात. रुजू झाल्याची तारीख, आजार सुरू झाल्याची, शेवटच्या हजेरीची, अपंगत्व कायमचे ठरल्याची. आम्ही डॉक्टर ज्या तारखा केसपेपरवर सवयीने टाकतो, त्यांतल्या एकेका तारखेला किती रुपयांचे वजन असते, हे मला त्यांच्या शेजाराने कळले.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, हिशेब मात्र कायद्याप्रमाणेच आहे. सत्तेचाळीस वर्षांचा एक यंत्रचालक. पूर्वी गावी शेती, मग शहरात येऊन एका कारखान्यात दोन वर्षे पाच महिने, आणि नंतर दुसऱ्या कारखान्यात चार वर्षे सात महिने. रक्तदाबाची गोळी त्याने मधूनच सोडली होती. पक्षाघाताने उजवा हात आणि पाय लुळे पडले, वाचा अडखळू लागली. पाचव्या आठवड्यात त्याची पत्नी रक्तदाब मोजून घेण्यासाठी त्याला रिक्षातून घेऊन आली. जाताना तिने विचारले, “डॉक्टर, आफिसातले साहेब म्हणतात, तब्येतीच्या कारणावरून राजीनामा द्या म्हणजे फंड लगेच निघेल. अंगठा घ्यावा का यांचा?”

मी म्हटले, “ताई, अंगठा घेण्याआधी दहा पायऱ्या चढून वर जाऊन या.”

वरती जे उलगडले ते असे. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची ही अट लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ साली झालेल्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यापासूनच ती तरतूद आहे. त्या यंत्रचालकाचा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये होता. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे ९,००० रुपये होतात. सहा महिन्यांहून अधिक असलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून चार वर्षे सात महिन्यांची पाच वर्षे आणि ४५,००० रुपये. तोच माणूस साधा राजीनामा देऊन बाहेर पडला असता, तर पाच वर्षे पुरी झाली नाहीत या कारणाने ही रक्कम शून्य झाली असती. एका अंगठ्यातला हा फरक आहे.

निवृत्तिवेतनाची गोष्ट याहून मोठी. कारखान्यातल्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीबरोबर १६ नोव्हेंबर १९९५ पासून एक पेन्शन योजना जोडलेली आहे. तिच्यात सामान्यतः दहा वर्षांची सेवा झाली तरच ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. या गृहस्थांची दोन्ही कारखान्यांतली मिळून सेवा होते सात वर्षे. राजीनाम्याने बाहेर पडले असते तर पेन्शन खात्यातली थोडी रक्कम एकदाच हाती पडली असती आणि खाते बंद. परंतु नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षांची अट नाही, ५८ वर्षांचीही नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. त्यांच्या शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी १४,००० रुपये. तिला सात वर्षांनी गुणून ७० ने भागले की महिन्याला १,४०० रुपये होतात. पत्नीचा चेहरा पडला, कारण आकडा लहान वाटला. पण हे १,४०० रुपये हयातभर मिळायचे आहेत, आणि त्यांच्या पश्चात पत्नीलाही पेन्शन आहे, जी १,००० रुपयांच्या खाली जात नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च मी तिला जनेरिक औषधांच्या भावाने लिहून दाखवला. तो त्या रकमेत बसत होता. ज्या गोळ्या मधेच सोडल्यामुळे हा प्रसंग ओढवला, त्या यापुढे सुटणार नाहीत याची ही माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम व्यवस्था.

राहिला “फंड लगेच निघेल” हा मुद्दा. आजारपणासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याची सोय नोकरी न सोडताही आहे, आणि ज्या आजारांसाठी ती आहे त्यांत पक्षाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने ते कामगार राज्य विम्यात होते. तेथे आजारपणाच्या रजेत वर्षातले ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आणि ठरावीक दीर्घ आजारांसाठी, ज्यांत अर्धांगवायू आहे, पुढे ८० टक्के दराने ती चालू राहू शकते. त्यासाठी दोन वर्षांच्या विमायोग्य नोकरीची व ठरावीक वर्गणीची अट असते, ती येथे पुरी होत होती. आणखी एक तरतूद वकिलांनी मला मुद्दाम वाचून दाखवली. हा आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामगारास कामावरून काढता येत नाही. काढता येत नाही, म्हणूनच राजीनामा मागितला जातो, अशी पुस्ती त्यांनी चष्मा पुसत जोडली.

सर्वच मालक दुष्ट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. बऱ्याच ठिकाणी हिशेबनिसालाच नियम ठाऊक नसतो आणि तो आपल्या परीने मदतच करत असतो. पण अज्ञानातून दिलेल्या सल्ल्याने होणारे नुकसान लबाडीने होणाऱ्या नुकसानापेक्षा तसूभरही कमी नसते.

या प्रकरणात माझे काम होते ते प्रमाणपत्राचे. आणि येथे माझ्या व्यवसायबंधूंसाठीही दोन शब्द लिहितो, कारण हे पाक्षिक अनेक दवाखान्यांतल्या बाकांवर पडलेले असते. “रुग्ण कामास अयोग्य आहे” एवढे एका ओळीत लिहून देणे ही आपली जुनी सवय. परंतु ग्रॅच्युइटीचा कायदा विचारतो की आजारापूर्वी हा माणूस जे काम करू शकत होता, ते काम आता त्याला करता येते का? पेन्शन योजना याहून कडक आहे. ती विचारते की त्या वेळी तो जी जी कामे करू शकत होता, ती सर्वच आता अशक्य झाली आहेत का? शिवाय तिथला अंतिम निर्णय वैद्यकीय मंडळ देते. तेव्हा उजव्या हाताची पकड किती, उभे राहता येते का आणि किती वेळ, सूचना समजतात का, बोलता येते का, सुधारणा किती काळ थांबलेली आहे, हे सविस्तर लिहावे लागते. मी ते पाऊण तास बसून लिहिले. न्यूरोलॉजिस्टच्या टिपणाशी ते ताडून पाहिले. जे होते तेवढेच लिहिले.

“तेवढेच” या शब्दावर मी जोर देतो, त्याला कारण आहे. वरच्या मजल्यावरच्या संध्याकाळच्या अशिलांपैकी एक गृहस्थ, वय छप्पन, एका सूचिबद्ध कंपनीतले वरिष्ठ अधिकारी, माझ्याकडे आले ते हात थरथरतो म्हणून. पुढे कंपवाताचे निदान झाले. स्वभावाने अतिशय मानी माणूस. सभेत कोणी आपला हात पाहण्याआधीच सन्मानाने बाहेर पडावे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. राजीनाम्याचे पत्र त्यांनी स्वतःच्या सुंदर इंग्रजीत लिहूनही ठेवले होते.

त्यांच्या बाबतीत हिशेब वेगळा होता. कंपनीने त्यांना काही शेअर ठरावीक भावाने पुढे विकत घेण्याचे पर्याय दिलेले होते; त्यांतले काही पक्के झाले होते, काही अजून दोन वर्षांनी व्हायचे होते. सेबीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सूचिबद्ध कंपनीतील कर्मचारी नोकरीत असताना मरण पावला, तर असे सर्व पर्याय त्याच क्षणी त्याच्या वारसांच्या वा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे पक्के होतात. नोकरीत असताना कायमची अक्षमता आली, तर ते त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या नावे पक्के होतात. राजीनाम्याने मात्र जे पक्के झालेले नाहीत ते नाहीसे होतात, आणि पक्के झालेले ठरावीक मुदतीत घ्यावे लागतात.

हे कळल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारायचा तो विचारला. “मग डॉक्टर, कायमची अक्षमता असे लिहून देता?” मी नाही म्हणालो. त्यांचा आजार कायमचा होता. पण अक्षमता नव्हती. औषधाने थरथर बरीच आटोक्यात होती, बुद्धी तल्लख होती, चाल ठीक होती. वैद्यकीय प्रमाणपत्र ही एक साक्ष असते, आणि साक्ष सोयीनुसार देता येत नाही. वकिलांनीही तोच सल्ला दिला, मात्र वेगळ्या वाटेने. राजीनामा द्यायचाच कशाला? आजारी असणे म्हणजे अक्षम असणे नव्हे, मग आजारी असणे म्हणजे निरुपयोगी असणे तरी कसे? त्यांनी कंपनीला आजार स्वतःहून कळवला, प्रवासाची जबाबदारी दुसऱ्याकडे दिली आणि सल्लागाराचे काम घेतले. माझ्या मते त्या मानी माणसाने केलेले हे सर्वांत धाडसाचे काम होते.

त्यांच्या निर्णयामागे आणखी एक व्यक्ती होती, आणि ती आपल्यासारख्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. त्यांच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये त्यांचा समावेश होता. अशा पॉलिसीत जुन्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, आणि मुलाचा नोकरीतला शेवटचा दिवस हा पॉलिसीतला आईचाही शेवटचा दिवस असतो. एक्क्याऐंशीव्या वर्षी, मधुमेह आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया नावावर असताना, बाजारात नवी पॉलिसी घेऊ पाहा! सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि पूर्वी भोगलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. परंतु अर्ज संरक्षण संपण्यापूर्वी करायचा असतो, आणि कंपनी प्रकृतीची छाननी करू शकते. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी नोकरी बदलणार असल्याचे कानावर आले, की पेढ्यांच्या आधी मेडिक्लेमची चौकशी करा. त्यात संकोच कसला?

संकोचाचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. आपल्या पिढीत हा एक जुनाट विकारच आहे. पेन्शन, ग्रॅच्युइटी मागणे म्हणजे हात पसरणे, असे माझ्या कितीतरी वृद्ध रुग्णांना वाटते. हे मत सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजीच खोडून काढलेले आहे. नाकारा नावाच्या एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या सहअर्जदारांनी दाखल केलेला तो खटला होता. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन नाही आणि नंतरच्यांना आहे, हा भेद त्यांनी आव्हानित केला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील घटनापीठाने तो भेद रद्द ठरवला आणि पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे स्पष्ट केले. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही साजरा करतात तो यामुळे.

सरकारी सेवकांसाठी आणखी एक कवच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने कामावरून काढता कामा नये, त्याचा हुद्दाही खाली आणता कामा नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. त्या कायद्याच्या यादीत कंपवातही आहे. यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यातही असेच संरक्षण होते, आणि पाय गमावलेल्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली त्याच्याच आधारे न्याय दिला होता. तेव्हा ज्यांच्या घरी सरकारी कार्यालयातली व्यक्ती आजारी पडली आहे, त्यांनी “यांना आता घरीच बसवू” असे ठरवण्यापूर्वी हे कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

आता एका प्रश्नाविषयी, जो मला माझ्या सर्व वर्षांच्या व्यवसायात इतक्या थेटपणे कोणी विचारला नव्हता. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन योजनेतील वाढीव पेन्शनविषयी निर्णय दिला. त्यानंतर पात्र सभासदांपुढे एक निवड आली. पूर्ण पगारावर पेन्शन हवी असेल तर निधीतली मोठी रक्कम व्याजासह पेन्शन खात्यात वळवायची किंवा परत भरायची. नको असेल तर ती रक्कम आपल्याजवळ राहू द्यायची. त्या दिवसांत वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसे. एक निवृत्त पर्यवेक्षक मात्र आधी माझ्याकडे आले. त्यांच्या हृदयाची पंपक्षमता ३५ टक्क्यांवर आलेली. खुर्चीवर बसले, कागद उलगडला आणि म्हणाले, “डॉक्टर, वकीलसाहेब म्हणतात की हे गणित मी किती जगेन यावर आहे. तेवढे सांगा, म्हणजे मी फॉर्म भरतो.”

आयुष्याची वर्षे मोजून देणारा डॉक्टर कोठे असतो? मी त्यांना तसे सांगितले. मग विचारले, “काकू किती वर्षांच्या?” त्या नऊ वर्षांनी लहान होत्या, आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. त्यांच्या आई नव्वदी पार करून गेल्या होत्या. म्हणजे प्रश्न एका आयुष्याचा नव्हताच, दोन आयुष्यांचा होता. पतीच्या पश्चात पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. त्याच्याजवळ राहिलेली ठेव मात्र पुरी राहते, आणि अचानक लागलेल्या खर्चाला उपयोगी पडते. उलट, ठेव खर्चून जाऊ शकते, कोणी गोड बोलून काढून घेऊ शकते. पेन्शन दरमहा येत राहते. मी काकूंनाही बोलावून घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात पैशाच्या निर्णयाला त्या पहिल्यांदाच हजर होत्या, असे त्या हसत म्हणाल्या. दोघांनी मिळून ठेव जवळ ठेवायचे ठरवले. दुसऱ्या एखाद्या जोडप्याने उलट ठरवले असते आणि तेही बरोबर असते. मला महत्त्वाचे वाटले ते हे की त्या महिन्यापासून काकांची झोपेची गोळी बंद झाली.

वारसाच्या नोंदीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. अविवाहित असताना भावाचे नाव निधीला लावलेले असेल, तर विवाह होऊन कुटुंब झाल्यावर ते नामनिर्देशन आपोआप रद्द ठरते आणि नवे करावे लागते. शेअरच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती ही मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा वा मृत्युपत्रच मालकी ठरवते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. आणि नोकरीत असताना मृत्यू आल्यास निधीशी जोडलेल्या विम्यातून वारसांना सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते, हे दुःखाच्या गडबडीत अनेक कुटुंबे विसरूनच जातात. “नोकरीत असताना” हे दोन शब्द येथेही आहेतच. अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णाकडून घाईने राजीनामा घेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना वाटते, सुटला बिचारा कामातून.

कामगार विम्यात असलेल्यांसाठी एक लहानशी पण मौल्यवान सोय आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून जो नियत वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती-पत्नीसाठी विमा रुग्णालयाचे उपचार पुढे चालू ठेवता येतात. आमच्या भागातल्या निवृत्त कामगारांना हे सांगितले की त्यांना खरे वाटत नाही. १२० रुपयांत साधी रक्ताची तपासणी होत नाही. आणि हयातीचा दाखला देताना बोटांचे ठसे उमटत नसतील, तर खचून जाऊ नका. वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, तो काही रोग नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, आणि टपाल खात्याच्या बँकेचा माणूस घरी येऊनही तो घेतो.

कामगार कायद्यांचे अलीकडे संहितांमध्ये एकत्रीकरण झाल्याने काही नियम आणि आकडे बदलत राहणार. म्हणून वर दिलेले आकडे आपल्या प्रकरणासाठी जाणकाराकडून पडताळून घ्या.

जाणकार कोण, आणि त्याची फी कोण देणार, असे आपण विचाराल. माझे वरच्या मजल्यावरचे स्नेही महाव्यवस्थापकांकडून भरपूर फी घेतात आणि यंत्रचालकाच्या पत्नीकडून त्यांनी चहाही घेतला नाही. पण अशा शेजाऱ्यावर प्रत्येकाने विसंबून चालणार नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तेथे मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यांना उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. जाताना नेमणुकीचे पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, निधीच्या खात्याचा क्रमांक आणि रुग्णालयातून सोडतानाचे कार्ड एवढे सोबत न्या. राजीनाम्याचा कागद पिशवीत असेल तर तोही न्या, पण कोराच.